सायकल तुमाला नेती का तुमी सायकलीला?

चढाला मी कधी भ्यालो नाही. साताऱ्यात राहून चढाला भिऊन चालतही नाही. गावाबाहेर कुठल्याही अंगानं निघा, डोंगर आडवा येतोच. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा बघत दम धरायचा, वर पोचलं की घड्याळ बघायचं आणि ग्रुपवर मिनिटं टाकायची, हा माझा गेल्या तीन वर्षांचा रविवार. उतरताना मात्र दोन्ही ब्रेक आवळून, मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीला वाट देत देत यायचं. ती मिनिटं ग्रुपवर कुणी विचारत नाही म्हणून बरं.

मास्तरला हे ठाऊक होतं. आमचा मास्तर आयटीआयमध्ये पोरांना फिटरकाम शिकवतो आणि रविवारी आम्हाला. एकदा घाटाच्या पायथ्याशी पाच मिनिटं माझी वाट बघून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू चढायला सायकल घेतलीस. उतरायला काय घेणारेस?"

ऑक्टोबरात त्यानं एक वाट पायी फिरून हेरून ठेवली. कासच्या रस्त्यानं पेट्रीच्या पुढं गेलं की डाव्या हाताला एक ढोरवाट सुटते. सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ माळावरून जाते, मग एका सोंडेवरून खाली झुकते आणि शेवटी घळीत शिरून थेट उरमोडी धरणाच्या पाण्यापाशी निघते. कासकडं जाणारी ही डोंगररांग म्हणजे दोन धरणांमधला बांधच म्हणा ना: उजवीकडं कण्हेर, डावीकडं उरमोडी. आजवर वरून जाताना उरमोडीच्या बाजूची ती काळी चीर मी कितीदा पाहिली असेल. त्यातून सायकल जाईल हे काही मनात आलं नव्हतं. घळ म्हटलं की सातारकराला रामदास स्वामी आठवतात. सज्जनगडाच्या परिसरात रामघळ आहे, मोरघळ आहे. एकांतात बसायच्या जागा त्या. आम्ही सहा जण तिथं आरडाओरडा करत जाणार होतो.

कासच्या पठारावर टायर घालायचा नाही, हे आधीच ठरलेलं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक जागांसोबत त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ते राहू दे बाजूला. बोटभर मातीत कंद निजलेले असतात तिथून चाकं नेणं म्हणजे दुसऱ्याच्या पेरलेल्या रानातून गाडी हाकणं. आमची वाट पठाराच्या बरीच अलीकडं सुटत होती आणि गुरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली होती.

सहा जण कोण ते सांगतो. मास्तर. फौजी, सैन्यातून निवृत्त, वय बावन्न, दम आमच्या दुप्पट. डॉक्टर, म्हणजे गुरांचा. बारक्या, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, सगळ्यात हलका आणि सगळ्यात बिनधास्त. पुण्याहून आलेले डॉक्टरच्या बहिणीचे यजमान, म्हणून आम्हा सगळ्यांचेच दाजी. त्यांची पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शन असलेली सायकल माझ्या मोटारसायकलच्या दुप्पट किमतीची. आणि मी, फक्त पुढं सस्पेन्शन असलेल्या १४ किलोच्या साध्या सायकलवर.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सहाला निघालो. थंडी अशी की बोटांना गिअर लागत नव्हते. घाटाबद्दल काय लिहू? मी पहिला पोचलो. दिवसभरात पहिला आलो तो तेवढाच.

ढोरवाट सुटते तिथं मास्तरनं सगळ्यांना थांबवलं आणि टायरमधली हवा सोडायला लावली. रस्त्यावर मी ३५ पीएसआय ठेवतो. त्यानं गेज लावून माझी २४ वर आणली, दाजींची २२ वर. कमी हवेचा टायर दगडावर जरा पसरतो, दगडाला धरून बसतो. टणक टायर चेंडूसारखा उडतो. फार कमी केली तर उलटं दुखणं, रिम दगडावर आपटते. मग त्यानं माझी सीट खाली दाबली. किती? तर पार तळाला. "बसायचंच नाहीये," तो म्हणाला. मला ते बुटक्या पोरासारखं वाटलं, पण गप्प बसलो.

सड्यावरचा पहिला दीड किलोमीटर स्वर्ग होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, कापून रचलेल्या गंज्या अधूनमधून, आणि खाली जांभा. जांभ्यावर सायकल चालवणं म्हणजे पॉलिश पेपरवर चालवणं, टायर सुटतच नाही. बारक्या मोबाइलवर यूटामधल्या मोआबच्या तांबड्या कॅन्यनचे व्हिडिओ बघून आलेला; "सेम टू सेम" म्हणत पुढं पळाला. सेम काही नव्हतं. तिकडचा खडक वाळूचा, कोरडा, चाकाला चिकटणारा. आपला जांभा वरच्या टोपीपुरता. खाली काळ्या कातळाचं राज्य, आणि त्या कातळाचा हिशेब वेगळा. पण एक गोष्ट सारखी: दोन्हीकडं चाकाला वाट दाखवतो तो दगडच.

उताराच्या तोंडावर एक धनगरवाडा आहे, तीन-चार घरांचा. अंगणात एक म्हातारी गवऱ्या रचत होती. फौजीनं पाणी मागितलं. तिनं घागर बाहेर आणली, तांब्या दिला आणि आमच्याकडं, म्हणजे आमच्या हेल्मेटांकडं आणि गुडघ्यांवरच्या पट्ट्यांकडं, बराच वेळ पाहिलं.

"कुठनं आलाय?"

"साताऱ्यातनं, आजी."

"आन् निगालाय कुटं?"

फौजीनं घळीकडं हात केला. "ह्या घळीतनं खाली. परळीला."

म्हातारी हसली नाही, हे विशेष. "त्या घळीतनं आमची म्हसरं बी उतरत न्हाईत. सायकली खांद्याव घ्याव्या लागत्याल." मग जरा थांबून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखी म्हणाली, "मग सायकल तुमाला नेती का तुमी सायकलीला?"

दाजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात डॉक्टर गोठ्याकडं वळला होता. एका म्हशीला दगडी झालेली, कास सुजून टणक, हात लावू देईना. औषधाची पेटी सोबत नव्हती, पण त्यानं धार काढून दूध तळहातावर घेऊन पाहिलं, गुठळ्या दाखवल्या, त्या सडाचं दूध वासराला पाजू नका, वेगळं काढून टाका, आणि उद्याच दवाखान्यातून माणूस बोलवा, असं घरातल्या पोराला तीन-तीनदा बजावलं. वीस मिनिटं गेली. कास बघायला अख्खा महाराष्ट्र येतो. आमचा डॉक्टर म्हशीची कास बघत बसला, हा विनोद बारक्यानं केला आणि पुढं दिवसभर करत राहिला.

मग घळ.

पहिल्यांदा मुरूम लागला. मुरमाच्या उतारावर चाक म्हणजे गोट्यांवर ठेवलेलं ताट. मागचा ब्रेक दाबला की मागचं चाक घसरत बाजूला निघतं, पुढचा दाबला की पुढचं. मी दोन्ही दाबले. दहा मीटर उभ्याउभ्या घसरत गेलो आणि करवंदाच्या जाळीत थांबलो. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, फक्त जाळी वेगळी.

मुरूम संपला आणि ओढ्याच्या पात्रातला काळा कातळ सुरू झाला. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. टणक कातळाचा थर, त्याखाली कुठं कुठं तांबड्या भुसभुशीत मातीची पट्टी, परत कातळ. पावसाळ्यातलं पाणी मऊ ते कोरून नेतं आणि टणक ते पायरीसारखं शिल्लक ठेवतं. म्हणून घळ घसरगुंडीसारखी एकसलग उतरत नाही. दोन हातांची पायरी, मग थोडं सपाट, त्यावर धोंड्यांचा खच, मग कमरेएवढी पायरी. वर दोन्ही अंगांना कारवीच्या वाळक्या काठ्या आणि झाडी, ऊन तळाला पोचतच नाही. जिथं झरा पाझरत होता तिथं कातळावर शेवाळ. कोरडा काळा कातळ चाकाला बऱ्यापैकी धरतो. ओला झाला की साबण.

मी तिथंच पडलो. कोरड्या जागी, सगळं नीट चाललेलं असताना. एका धोंड्याकडं बघत होतो, हा चुकवायचा, हा चुकवायचा असं मनाशी घोकत, आणि पुढचं चाक बरोबर त्याच धोंड्याच्या फटीत जाऊन बसलं. चाक थांबलं, मी थांबलो नाही. हँडलवरून पुढं, डावा हात टेकला, हेल्मेट कुठंतरी टक्‌ वाजलं. सायकल उजव्या कुशीवर आपटली.

डॉक्टर धावत आला. मनगट वळवून पाहिलं, बोटं एकेक दाबली, मूठ मिटायला लावली.

"दुखतंय का?"

"अरे हो, म्हणजे इथं..."

"गप. माझे पेशंट बोलत नसतात. मला सवय नाही."

मनगट शाबूत होतं, तळहाताची साल गेली होती. सायकलचा मात्र हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, वाकला होता. गिअर बदलताना चेन सरकवणारा तो डिरेलर आत, स्पोकांकडं झुकलेला. मास्तरनं एक ॲलन की डिरेलरच्या बोल्टमध्ये अडकवली, दुसऱ्या हातानं फ्रेम धरली, एक डोळा मिटला आणि हळूच बाहेर ओढलं, इतकं हळू की मला वाटलं काही केलंच नाही. "मोठ्या दोन चकत्यांवर चेन टाकू नको. डिरेलर स्पोकात जाईल, मग सायकल खरंच खांद्यावर." आणि उठता उठता, "दगडाकडं बघशील तर दगडावरच जाशील. मोकळ्या जागेकडं बघ. दगड त्याचं तो बघून घेईल."

हे सांगायला सोपं. डोळा भीतीकडंच ओढला जातो.

पुढं एक कडा आला, दहा-बारा फुटांचा, पावसाळ्यात नक्की धबधबा असणार. मास्तर ऑक्टोबरात बाजूच्या झाडीतून उतरला होता. आता ती वाट दरड येऊन बुजलेली. मोबाइलच्या नकाशावरची वाटेची रेघ अर्थातच सरळ कड्यावरून खाली जात होती, शिवाय अशा अरुंद घळीत ती रेघ वीस-तीस मीटर इकडंतिकडं नाचते, तिच्या नादी लागण्यात अर्थ नसतो. इथून फौजीनं ताबा घेतला, कुणी न सांगता. त्याच्या पिशवीत दोर होता. (आम्ही निघताना त्याला हसलो होतो, हे नोंदवून ठेवतो.) बारक्याला खाली उतरवलं, डॉक्टर मधल्या खोबणीत उभा राहिला, आणि एकेक सायकल सीटच्या दांड्याला आणि हँडलला दोर बांधून विहिरीत कळशी सोडावी तशी सोडली. फौजी दोर हातात न ओढता कमरेमागून घेऊन सोडत होता, त्यामुळं भार अंगावर येत होता, बोटांवर नाही. दाजींची सायकल खाली जाताना दाजींनी डोळे मिटले.

सायकल सुखरूप उतरली. पण पन्नास मीटर पुढं, आरामात चालवत असताना, एका कोचदार दगडानं त्यांच्या मागच्या टायरची बाजू फाडली. फस्स्‌ झालं आणि पांढरं सीलंट फवाऱ्यासारखं सगळ्यांच्या अंगावर.

ट्यूबलेस टायरमधलं ते पांढरं पाणी काट्याची भोकं बुजवतं. सराटा घुसला, बाभळीचा काटा घुसला तर आपल्याला कळतही नाही. पण बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर पडली की ते काही करू शकत नाही. दाजी म्हणाले, ट्यूब आहे ना, घालू. मास्तर म्हणाला, थांबा. टायर एका बाजूनं रिममधून काढला, व्हॉल्व्ह काढून खिशात ठेवला, आतलं सीलंट पानांनी पुसलं आणि टायर आतून चाचपायला लागला. डोळे मिटून, नुसत्या बोटांच्या टोकांनी, अगदी सावकाश. आतून टोकं लागत होती. पुण्यापासून सातारपर्यंत सीलंटनं मुकाट्यानं पचवलेले काटे सगळे जागच्या जागी होते. तशीच ट्यूब घातली असती तर पहिल्या हवेलाच चाळण. पक्कडीनं एकेक ओढून तो कातळावर मांडत गेला: अकरा काटे, एक काचेचा बारका तुकडा, आणि एक स्टेपलरची पिन. पिन कुठली, यावर दाजींनी बराच विचार केला.

मग त्यानं सॅकमधून टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा काढला. आतून धुऊन, कडा गोल करून ठेवलेला. तो चिरेच्या आत लावला, त्यावर सायकलची ट्यूब, थोडीशी हवा, टायर परत रिममध्ये, मग बाकीची हवा. चिरेतून टूथपेस्टच्या जाहिरातीची लाल पट्टी तेवढी दिसत होती. ट्यूब नुसतीच घातली तर त्या चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. तो तुकडा तिला आत अडवून धरतो. पाऊण तास गेला. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात देखणं काम ते होतं, आणि एवढ्या महागड्या सायकलला टूथपेस्टच्या कचऱ्यानं घरी नेलं याचा मला थोडा आनंदही झाला. माणूस असा असतो.

त्यानंतर एक डोह लागला. पाणी गार, तळ दिसणारं. पाय सोडून बसलो, घरच्या चटणी-भाकऱ्या आणि डब्यातले कंदी पेढे संपवले. पलीकडच्या चिखलात गव्याच्या खुरांचे ठसे होते, माझ्या तळहाताहून मोठे. कडा अजून ओल्या आणि धारदार. फौजीनं त्याकडं पाहिलं आणि जेवण आवरतं घ्यायला सांगितलं. इथून पुढं बोलत, घंटी वाजवत जायचं. गव्याला आपण येतोय हे आधी कळलं की तो बाजूला होतो. अचानक समोर आलो तर मग तो काय करेल ते तोच ठरवतो. आम्ही मोठमोठ्यानं बोलत निघालो. बारक्यानं म्हशीच्या कासेचा विनोद पुन्हा सांगितला, आता गव्यांसाठी.

शेवटच्या टप्प्यात घळ रुंदावते. पात्र सोडून वाट काठानं जाते, लाल माती, मुळं, मधूनमधून कातळाच्या ठेंगण्या पायऱ्या. मी सवयीनं उतरून ढकलायला लागलो. मास्तर मागून आला, थांबला. "बस. म्हणजे, बसू नको. उभा राहा पेडलवर. दोन्ही पेडल एका पातळीत. बूड मागं. एक बोट ब्रेकवर, तीन बोटं मुठीवर. माझ्या मागच्या चाकाकडं बघू नको, मी जिथं बघतोय तिथं बघ."

गेलो. पहिल्या पायरीला पोटात गोळा आला, पुढचं चाक खाली गेलं, सस्पेन्शन दबलं, आणि वर आलं. झालं? एवढंच? दुसऱ्या पायरीला मी ब्रेक सोडला होता हे मला पायरी उतरल्यावर कळलं. गुडघे आपणहून वाकत होते, सीट नव्हतीच मध्ये, सायकल माझ्या खाली तिच्या तिच्या परीनं हलत होती आणि मी तिच्या वर माझ्या परीनं. सकाळपासून मी तिला लाकडासारखा घट्ट धरून बसलो होतो. तिला हलायला जागाच दिली नव्हती. तिसरी, चौथी. मग वळण आलं, मी दगडाकडं पाहिलं, आणि अर्थातच पाय टेकला.

किती अंतर असेल? साठ मीटर. फार तर सत्तर. सबंध घळ तीन किलोमीटरची, तिला आम्हाला चार तास लागले, त्यातले माझे सायकलवरचे एकूण वीस मिनिटं असतील नसतील. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात हवं असेल तर ते हे.

उरमोडीच्या पाण्यापाशी निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता. समोर पाण्यापलीकडं सज्जनगड, नेहमी ज्या बाजूनं बघतो त्याच्या उलट बाजूनं. भात कापलेल्या खाचरांतून, बांधाबांधानं सायकली ढकलत डांबरी रस्ता गाठला. मोज्यांत कुसळं इतकी की प्रत्येक पावलाला टोचत होती. परळीत चहाच्या टपरीबाहेर ओळीनं बसून सहा जण मोजे उलटे करून कुसळं उपटत होतो आणि टपरीवाला आमच्याकडं न बघता भज्यांचं पीठ कालवत होता. दोन राउंड चहा, तीन प्लेट भजी. दाजींनी टूथपेस्टच्या पट्टीचा फोटो काढून पुण्याला पाठवला.

परळीपासून पुढं सरळ डांबरी, ओळखीचा रस्ता. सवयीप्रमाणं मी पुढं निघालो. पण पाय लागेनात. मांड्या भरून आल्या, गुडघे छातीला लागल्यासारखे वाटायला लागले, बारक्या पुढं गेला, मग डॉक्टर, मग दाजीसुद्धा. थकलोय, घळीनं जीव काढलाय, असं मनाशी धरून गजवडी आली, गेली. बोगद्याच्या अलीकडच्या चढावर मी चक्क शेवटचा होतो, सोबतीला फक्त मास्तर, मुद्दाम हळू चालवणारा.

बोगद्यातून शहराच्या बाजूला बाहेर पडलो, पाय टेकले, आणि तेव्हा लक्षात आलं. पाय टेकायला सीटवरून सरकावंच लागलं नाही. सीट अजून तळालाच होती.

"तू बघितलं होतंस?" मी विचारलं.

"परळीपासून," मास्तर म्हणाला. "म्हटलं, आत्ता कुठं जमलंय तुमचं. कशाला मध्ये पडा."